अंग चोरण्याचं शास्त्र

द हेगमधल्या आमच्या ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये एक रबराचं झाड होतं. कुंडीतलं, माणसाएवढं उंच, आणि कुणी पाणी घालो न घालो, जगणारं. सोमवारी ते खिडकीपाशी असे, बुधवारी फोटोकॉपी मशिनच्या अलीकडे आणि आठवडा संपेपर्यंत कॉरिडॉरच्या जवळजवळ मधोमध येऊन उभं राहिलेलं असे. ऑफिसातल्यांना वाटायचं सफाईवाल्या बाई ते हलवतात, आणि सफाईवाल्या बाईंना वाटायचं ऑफिसातल्यांना दुसरं काम नाही. मी तिथे नवीन होते, त्यामुळे दोघांचंही खरं मानत होते. एका सकाळी लवकर पोचले तर पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ कोट काढून, गुडघे वाकवून, तोंडानं 'हैशा' म्हणत ती कुंडी ढकलत होते. परदेशातल्या ऑफिसात 'हैशा' ऐकून मला इतका आनंद झाला की मी सरळ मराठीतच विचारलं, "मी धरू का दुसरीकडून?"

ते दचकले नाहीत. "धर की," म्हणाले. "पण सरळ ढकल. आज फक्त वीतभर पुढं न्यायचीय."

कुंडी हलवून झाल्यावर त्यांनी मला स्वतःच्या टेबलाशी नेलं आणि कॉरिडॉरकडे बघत बसायला लावलं. लोक येऊ लागले. "बघ, कुंडीला कुणी चिकटतंय का? धक्का लागला तर झाडच हलणार आहे, माणसाला काही होणार नाही. तरी सगळे हातभर लांबून जातायत. हातात कॉफी असली की आणखी लांबून. अंग चोरतायत सगळे. आणि यांना विचारलंस ना, तर म्हणतील, झाड? कुठलं झाड?"

ते सोलापूरकडचे. तरुणपणी बांधकाम खात्यात होते, मग शिकायला म्हणून इकडे आले आणि राहिले. मी त्यांना पहिल्या दिवसापासून काका म्हणत आले. आमची कंपनी छोटी होती, रस्त्यांच्या आराखड्यांबद्दल सल्ला देणारी, आणि तिथे काकांचं आयुष्य एकाच गोष्टीला वाहिलेलं होतं: हायवेचा दुभाजक. म्हणजे दोन्ही बाजूंची वाहतूक वेगळी ठेवायला मध्ये जे काही असतं ते. गवताचा रुंद पट्टा असेल, लोखंडी कठडा असेल, सिमेंटची भिंत असेल. तो दिसायला कसा आहे आणि लेनपासून किती लांब आहे, यावर माणूस किती वेगानं जातो आणि लेनमध्ये कुठे राहतो, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. बाकी रस्ता कसा का असेना, त्यांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

हे वेड ऑफिसात ठेवून घरी जावं असंही नव्हतं. ट्राममध्ये ते कधी बसायचे नाहीत, दारापाशी उभं राहून लोक खांबापासून किती लांब सरकतात ते बघायचे. सुपरमार्केटमध्ये रस्त्यात ठेवलेल्या बिस्किटांच्या ढिगाला ट्रॉल्या कशा वळसा घालतात हे बघण्यात दूध विसरून यायचे. कुणाच्या गाडीतून जायची वेळ आली की मागच्या सीटवर बरोब्बर मध्ये बसायचे, म्हणजे समोरून रस्त्याच्या दोन्ही कडा दिसतात. दोन्हीकडच्या माणसांना त्यांचे गुडघे लागायचे. त्याबद्दल ते माफी मागायचे, पण जागा सोडायचे नाहीत.

आमचा प्रोजेक्ट लीडर हेंक हा डच माणूस, उंच, शांत आणि सगळ्या गोष्टी नियमानं करणारा. एकदा मीटिंगमध्ये काका त्याला आपल्याकडच्या दुभाजकांतल्या कण्हेरीचं कौतुक सांगत होते. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर येत नाही, पाणी कमी लागतं आणि शेळ्या ती खात नाहीत.

"शेळ्या?" हेंकनं पेन खाली ठेवलं. "हायवेवर?"

"मधोमध," काका अभिमानानं म्हणाले. हेंकनं ते लिहून घेतलं की नाही मला माहीत नाही, पण त्यानंतर बराच वेळ तो आमच्याकडे आदरानं बघत होता.

माझं काम सिम्युलेटरचं होतं. मागच्या खोलीत पडदे ओढून अंधार केलेला, तीन बाजूंना पांढरे पडदे, आणि मध्ये एका जुन्या गाडीचं पुढचं अर्धं धड. माणसानं आत बसून स्टिअरिंग धरलं की पडद्यांवर मी बनवलेला हायवे धावायला लागायचा. भिंत जवळ आण, लांब ने, जागी गवत लाव, हे सगळं मी कीबोर्डवरून करायचे. लोक प्रयोगाला यायचे आणि त्यांतल्या काहींना आत बसल्यावर मळमळायचं, कारण डोळ्यांना रस्ता दिसतो आणि बूड मात्र जागचं हलत नाही. अशांसाठी काका खिशात घरच्या आल्याच्या वड्या ठेवायचे. त्या वडीची कीर्ती इतकी पसरली की एक आजोबा मळमळत नसतानाही दोनदा मागून घेऊन गेले.

पहिल्यांदा आकडे मांडायला बसले तेव्हा मी विचारलं, "काका, गाडी लेनच्या मध्यापासून भिंतीच्या उलट्या बाजूला किती सरकली, त्या कॉलमला नाव काय देऊ? लॅटरल शिफ्ट?"

"दे की. पण त्यात काही जीव नाही. ती काय सरकतेय होय? अंग चोरतेय ती."

मी गमतीनं कॉलमचं नाव angchor असं ठेवलं, आणि नंतर बदलायचं राहून गेलं. काम देणाऱ्या रस्ते खात्याची माणसं आली, पडद्यावर आलेख लागला, आणि उभ्या रेघेशेजारी मोठ्या अक्षरांत तो शब्द. हेंकनं डच घशातून खर्र करून तो वाचला, "आंग-खोर." पाहुण्या बाईंनी विचारलं, हे कुणा शास्त्रज्ञाचं नाव आहे का? माझे कान तापले. काका मात्र उठून उभे राहिले आणि गंभीरपणे त्यांनी इंग्रजीतून समजावलं की आमच्या भाषेत गर्दीत, अनोळखी घरात, मोठ्या माणसांपुढे माणूस जसा स्वतःला आक्रसून घेतो त्याला असं म्हणतात, आणि गाडी चालवताना माणूस गाडीसकट आक्रसतो. बाईंना ते फार आवडलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडेही सायकलच्या रस्त्याला अशी एक पट्टी असते, तिला आम्ही दचकण्याची पट्टी म्हणतो. तेव्हापासून ऑफिसात सगळेच आंगखोर म्हणू लागले. "आज किती आंगखोर आला?" असं हेंक मला कॉफी घेताना विचारायचा.

काकूंना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबवून म्हणाल्या, "त्यात एवढं संशोधन कशाला हवं? भांडी घासायची वेळ झाली की मी रोज हेच म्हणते ह्यांना. अंगचोर!"

काकू गोऱ्या, ठेंगण्या, भरभर बोलणाऱ्या. डच त्या काकांपेक्षा चांगलं बोलायच्या, कारण भाजीवाल्याशी भांडून शिकल्या होत्या. काकांच्या प्रयोगांचा त्यांना वैताग होता, आणि त्याला कारणही घडलं होतं. आमचं मराठी मंडळ रॉटरडॅमजवळच्या एका शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन गणपती बसवायचं. एका वर्षी काकांनी हट्ट धरला की जेवायला टेबलं नकोत, पंगत बसवू. लोकांना कल्पना आवडली. समोरासमोर दोन ओळी, मधून वाढपी जाणार. बायकांनी एका ओळीपुढे तांदळाच्या पिठाची सुंदर रांगोळी घातली, आणि दुसऱ्या ओळीकडे वळल्या तर पिठाचा डबाच जागेवर नव्हता. वेळ झाली होती, म्हणून तशीच पंगत बसली.

वाढायला आयटीतली मुलं होती, हातात आमटीच्या बादल्या. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून प्रत्येक जण नकळत दुसऱ्या ओळीच्या अंगावरून चालायला लागला. एकाचा पाय मीठ-लिंबावर पडला. दुसऱ्याच्या डावातली आमटी मंडळाच्या अध्यक्षांच्या पांढऱ्या झब्ब्यावर उतरली. हॉलभर गोंधळ चाललेला असताना काका खांबाशी उभे राहून इतके खूश दिसत होते की काकूंना एका क्षणात सगळं समजलं. "डबा कुठंय?" त्यांनी विचारलं. डबा काकांच्या ऑफिसच्या बॅगेत निघाला.

"अगं, पण बघ की," काका मला म्हणत होते. "भिंत नाही, कठडा नाही. पिठाची रेघ! ती कुणाचं काय बिघडवणार? तरी माणूस तिच्यापासून लांब पळतो आणि दुसऱ्याच्या अंगावर जातो. हायवेवर तो दुसरा म्हणजे ट्रक असतो."

पुढच्या वर्षी काकूंनी स्वतः दोन्ही बाजूंना रांगोळी घातली. मुलं बरोबर मधून, जपून जपून चालली, कुणाचे कपडे खराब झाले नाहीत, आणि शेवटच्या पानापर्यंत पोचेतो भात पार गारढोण झाला. काका म्हणाले, हाच तर वेगाचा मुद्दा आहे. काकू म्हणाल्या, मुकाट्यानं जेवा.

या माणसाला मी कधी गाडी चालवताना पाहिलं नव्हतं. परवाना होता, इथली परीक्षा देऊन मिळवलेला. पण गाडी नव्हती. मी समजत होते की हेही एक विक्षिप्तपण.

ते तसं नाही हे कळलं ते एका मोठ्या कामाच्या वेळी. एका रस्त्यावर जागा कमी होती, म्हणून मधला गवताचा पट्टा काढून तिथे सिमेंटची भिंत बांधायची आणि वाचलेल्या जागेत लेन बसवायच्या असा बेत होता. इथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून जातात, म्हणजे दुभाजक डाव्या हाताला; भिंत डाव्या लेनला किती जवळ चालेल, एवढं आम्हाला सांगायचं होतं. प्रयोग झाले. नेहमी गाडी चालवणारे लोक आधी जरा हळू झाले, मग सरावले आणि पुन्हा पहिल्या वेगाला आले. उजवीकडे सरकले, पण फार नाही. हेंक म्हणाला, म्हणजे भिंत जवळ चालेल.

"नाही चालणार," काका म्हणाले. "एक माणूस पार उजव्या रेघेवर गेलाय."

"तो तू आहेस." हेंक शांतपणे म्हणाला. त्या दिवशी कुणी तरी आलं नाही म्हणून काका स्वतःच आत बसले होते. "एक तर आपण काय शोधतोय हे तुला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं म्हणून तर मी सरळ जायला हवं होतं. तरी गेलो!"

"आणि दुसरं, तू गाडी चालवत नाहीस. आपण रोज चालवणाऱ्यांचा अभ्यास करतोय."

काका उभे राहिले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "ज्याला भीती वाटते तो गाडी चालवणं सोडून देतो. मग जे उरतात त्यांना बघून तुम्ही म्हणता, चालवणाऱ्यांना भीती वाटत नाही. आणि त्यांच्या मापाचा रस्ता बांधता. मग भित्र्यानं परत यायचं कुठून?"

हेंकनं पुन्हा एकदा काकांच्या रेघेकडे पाहिलं. तो सरळ माणूस होता. म्हणाला, "मुद्दा बरोबर आहे. पण रस्त्यावर असलेला आणि घाबरणारा असा चालक मला दाखव. मग मी त्याला मोजतो."

"दाखवतो," काका म्हणाले. "मी चालवतो."

खोलीतून बाहेर पडल्यावर ते रबराच्या झाडाशी थांबले. मला म्हणाले, "तुझी गाडी देशील का गं शनिवार-रविवार?"

माझी गाडी जुनी होती आणि दोन्हीकडून आधीच पोचे आलेली होती, त्यामुळे द्यायला काही वाटलं नाही. त्यांनी आधी एका ड्रायव्हिंग स्कूलमधून नव्यानं धडे घेतले आणि मग मला शेजारी बसवून सराव करू लागले. त्या सरावात एकदा, पेट्रोल पंपावर थांबलो असताना, त्यांनी मला सगळं सांगितलं. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी हौसेनं गाडी घेतली होती. रस्त्याचं काम चाललेल्या एका ठिकाणी डावीकडे कठडा अगदी जवळ आला, उजवीकडे ट्रक. काकू शेजारी. काकांनी अंग चोरलं, गाडी ट्रकला घासली, आरसा तुटून गेला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

"ही एक अक्षर बोलली नाही. घरी आली, चहा टाकला. मी गाडी विकली, तेव्हाही काही बोलली नाही. आजपर्यंत नाही. मला वाटतं, बोलली असती तर मी दुसऱ्या दिवशी गाडी काढली असती."

मग कॉफीचा कागदी कप चुरगळून म्हणाले, "भिंतीचं काय ते सिम्युलेटरमध्ये कळेल. पण ही पुन्हा माझ्या गाडीत बसेल का, तेवढं मला बघायचंय." मला त्या वेळी त्यांच्याबद्दल फार माया वाटली. इतकी वर्षं हा माणूस कुंड्या ढकलत होता, रांगोळ्या बघत होता, आणि शोधत होता स्वतःचाच एक क्षण.

काकू मात्र बसायला तयार नव्हत्या. नकार देत नव्हत्या, टाळत होत्या. शनिवारी आम्ही निघालो की त्यांना नेमकी इडलीची पिठं वाटायची असायची. "तुम्ही या जाऊन. मला ट्रेन बरी," म्हणायच्या. काका "बरं" म्हणायचे, आणि जिना उतरताना एकदम म्हातारे वाटायचे.

सराव झाल्यावर हेंकनं स्वतः प्रयोग घेतला. काकांसारखे आणखीही काही जण मिळाले. नवरा गेल्यावर पुन्हा स्टिअरिंग धरलेल्या एक डच बाई होत्या, आजारपणातून उठलेला एक शिक्षक होता. सगळ्यांचं एकच झालं. वेग सवयीनं वाढला, हातांचा ताठरपणा गेला, पण भिंत जवळ आली की गाडी उजवीकडे जायची ती जायचीच. काकांचीही. पडद्यावरची ती रेघ बघून कुणी हिरमुसलं असतं, काका लहान मुलासारखे हसले. "बघ, सवयीनं भीती जाते, अंग चोरणं नाही जात. मग भिंतीनंच थोडं सरकायला नको का?"

हेंकनं अहवालात त्यांना मोजलं. भिंत आणि लेन यांच्यामध्ये जास्त जागा सोडा, असं आम्ही लिहिलं. रस्ते खात्यानं कुरकुर केली, उजवीकडच्या कडेची थोडी जागा घेतली आणि मान्य केलं. हेंकनं त्या दिवशी सगळ्यांसाठी केक आणला. काका घरी गेले आणि बहुधा जेवताना त्यांनी हे सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी काकूंचा मला फोन आला.

"पाडव्याला फेल्डहोवनला जायचंय ना आपल्याला मंडळाच्या जेवणाला? तिथं काही ट्रेन जात नाही."

"आइंडहोवनपर्यंत जाते की काकू, पुढे बस..."

"कोण बसची वाट बघणार? तुझी गाडी काढ. ह्यांना म्हणावं, चालवा." आणि फोन ठेवला.

पाडव्याला सकाळी काकू नऊवारी नेसून, मांडीवर श्रीखंडाचा डबा घेऊन मागच्या सीटवर बसल्या. पुढे बसा म्हटलं तर "तू बस, तुला कळतं त्यातलं," म्हणाल्या. काकांनी आरसे तीन वेळा नीट केले. शहर सुटलं. हायवेवर एका ठिकाणी मध्ये सिमेंटची भिंत होती, जुनी, डाव्या लेनला लागून. पुढे एक ट्रक रेंगाळत होता. मी मनात म्हटलं, राहू दे मागेच. काकांनी इंडिकेटर दिला आणि डावीकडे घेतली.

भिंत आली, शेजारी ट्रक आला. गाडी उजवीकडे झुकली. काकांच्या बोटांची पेरं पांढरी झाली, गाडी थोडी परत मध्ये आली, आणि ट्रक मागे पडला.

"चोरलं बघ अंग," काका म्हणाले. ते हसत होते. "दिसलं ना? गाडी गेली, आणि आली परत." मग आरशात न बघता, मागे काकूंना ऐकू जाईल असं: "काय गं, घाबरलीस का?"

मागून उत्तर आलं नाही. काकांचा चेहरा उतरला. "अगं, बघ जरा. काही बोलत नाहीय ती."

मी मागे वळून बघितलं. काकूंची मान खिडकीला टेकली होती, तोंड किंचित उघडं होतं आणि डब्यावरचे हात सैल पडले होते.

"काका, झोपल्यात त्या."

"झोपलीय?"

"गाढ."

थोड्या वेळानं त्यांनी मनगटानं डोळे पुसले. फेल्डहोवनचा फाटा आला, पाटी डोक्यावरून गेली, आणि गाडी सरळ पुढे निघाली.

"काका, आपला फाटा गेला!"

"जाऊ दे," ते हळूच म्हणाले. "आत्ता वळलो तर उठेल ती."